जुन्या स्पोर्ट्‌स कारची वाजवी किंमत

गाडीची आजची अवस्था, तिचे अस्सलपण, तिची कागदपत्रे आणि ती धडधाकट करायला लागणारा खर्च या चारही गोष्टी ठाऊक असलेल्या दोन माणसांनी, घाई नसताना, मान्य केलेली रक्कम म्हणजे जुन्या स्पोर्ट्‌स कारची वाजवी किंमत. नव्या गाडीला शोरूमचा भाव असतो आणि पाच-सात वर्षे वापरलेल्या गाडीला चालू बाजारभाव असतो. चाळीस-साठ वर्षांपूर्वीच्या दोन आसनी गाडीला यांतले काहीच नसते. एकाच सालच्या, एकाच रंगाच्या दोन एमजीबी (एमजी या ब्रिटिश कंपनीची गाडी) शेजारी उभ्या असल्या, तर एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट असू शकते आणि दोन्ही किमती रास्त असू शकतात. म्हणून ‘या मॉडेलचा भाव काय?’ या प्रश्नापेक्षा ‘या गाडीत काय काय आहे आणि काय काय नाही?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः पुणे परिसरातल्या व्यवहारांना धरून आहे.

परदेशी भाव आणि इथला भाव

ब्रिटन-अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या भावपुस्तिका निघतात. हॅगर्टी या विमा कंपनीच्या पुस्तिकेत प्रत्येक मॉडेलच्या चार प्रती, म्हणजे दर्जे, धरतात : पहिली प्रदर्शनात बक्षीस घेईल अशी, दुसरी उत्कृष्ट, तिसरी चांगली आणि चालती, चौथी चालणारी पण दोष उघड दिसणारी. ही प्रतवारी भारतातही उपयोगी पडते, कारण विकणारा आपल्या गाडीला हमखास एक प्रत वर चढवतो. चौथ्या प्रतीच्या गाडीला दुसऱ्या प्रतीचा भाव सांगितला जातो, आणि घासाघीस नेमकी तिथेच सुरू होते.

त्या पुस्तिकांमधले आकडे मात्र जसेच्या तसे उचलता येत नाहीत. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती साधारणपणे तीन वर्षांहून जुनी चालत नाही. १९५० पूर्वीच्या गाड्यांना त्यातून सूट होती, आणि २०२५ मध्ये ही सूट पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांपर्यंत वाढवण्यात आली. तरी जबर आयात शुल्क भरावेच लागते. त्यामुळे इथला व्यवहार बहुतांशी आधीच देशात असलेल्या, मोजक्या आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्यांचा असतो. पौंडातला भाव रुपयात गुणून काढलेली किंमत कधी फार जास्त निघते, तर कधी फार कमी.

वर्तमानपत्रांतले लिलावांचे मथळेही दिशाभूल करतात. २०२२ मध्ये मर्सिडीजची ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. जगात अशा दोनच गाड्या बनल्या होत्या. पाच लाखांहून अधिक बनलेल्या एमजीबीची किंमत ठरवताना तो आकडा निरुपयोगी आहे. शिवाय लिलावात हातोडा पडतो त्या रकमेवर खरीदाराला लिलावगृहाचे कमिशन वेगळे द्यावे लागते, आणि बातमीतला आकडा कधी कमिशनसह असतो, कधी त्याशिवाय.

भारतात खासगी व्यवहारांच्या रकमा प्रसिद्ध होत नाहीत. जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत. झालेला व्यवहार दोन घरांत आणि फार तर एका गॅरेजमध्ये माहीत असतो. म्हणून गेल्या वर्ष-दोन वर्षांत तशीच गाडी खरोखर विकत घेतलेल्या दोन-तीन माणसांशी बोलणे हे कोणत्याही पुस्तिकेपेक्षा मोलाचे ठरते. पुण्यातली जुन्या गाड्यांची मंडळी याबाबत बरीच मोकळी असतात. चहा घेत घेत खरा आकडा सांगतात.

पत्रा

किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा पत्र्यात असतो. नवखा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, जाणता आधी गाडीखाली वाकून बघतो. इंजिनाचे काम करणारे चांगले कारागीर पुण्यात आजही आहेत. बोअर, हेड, बेअरिंग यांचा खर्च आधी अंदाजता येतो. गंजलेल्या पत्र्याचा खर्च मात्र रंग खरवडल्यावरच कळतो.

१९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी हे याचे उत्तम उदाहरण आहे. तिला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीच उचलते. दारांखालची लांब पेटी, म्हणजे सिल, सडली की गाडी मधोमध खचू लागते. वरून नवा पत्रा ठोकून, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून, झकास रंग मारला की हे झाकले जाते. तपासायची रीत सोपी आहे : गाडी जॅकवर उचलायची आणि दार उघडून लावून पाहायचे. दार अडकले किंवा दाराची फट वर-खाली कमीजास्त झाली, तर सिल गेली असे समजावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र आता स्वस्तात मिळते. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. आकडा हजाराच्या पुढे गेला की खाली लांबी आहे हे नक्की.

ट्रायम्फ स्पिटफायरचे दुखणे निराळे आहे. ती ट्रायम्फच्याच हेराल्ड या गाडीच्या चेसिसवरून बेतलेली, आणि हीच हेराल्ड मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनत असे. त्यामुळे स्पिटफायरच्या पुढच्या सस्पेन्शनचे काम हेराल्ड हाताळलेल्या जुन्या फिटरला परके वाटत नाही, आणि ही गोष्ट किमतीत तिच्या बाजूने धरावी. तिचे बॉनेट मात्र मडगार्डांसकट एकसंध पुढे उघडते, जॅग्वार ई-टाइपचेही तसेच. ठोकर बसलेले असे बॉनेट सरळ करणे फार महाग पडते.

एमजीच्या टीसी, टीडी, टीएफ या त्याहून जुन्या गाड्यांत पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाची चौकट असते. वर्षानुवर्षे बंद शेडमध्ये राहिलेल्या अशा गाडीत वाळवी शोधावी लागते. दार हाताने उचलून पाहावे. बिजागरीपाशी ते हलले तर लाकूड पोकळ झाले असण्याची शक्यता मोठी.

गाडी कुठे राहिली, हाही किमतीचाच प्रश्न आहे. मुंबईत समुद्राकाठी तीस वर्षे उभी असलेली गाडी आणि पुण्याच्या कोरड्या हवेतली गाडी यांच्या पत्र्यात उघड फरक दिसतो. पण केवळ एमएच-१२ पाहून विश्वास ठेवू नये, कारण नोंदणी पुण्याची आणि मुक्काम अलिबागच्या बंगल्यावर असेही असते. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली उघड्यावर पावसाळे काढलेली गाडी पुण्यातही सडते.

इंजिन आणि अस्सलपण

चेसिस, इंजिन आणि गिअरबॉक्स कारखान्यातून एकत्र निघालेलेच असतील, तर त्या गाडीला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात. मोठ्या नावाच्या गाड्यांत यामुळे किमतीत मोठी तफावत पडते. ई-टाइपसाठी जॅग्वारच्या वारसा न्यासाकडून, तर एमजीसाठी ब्रिटनमधल्या मोटार उद्योग वारसा न्यासाकडून कारखान्याच्या मूळ नोंदीचा दाखला मिळतो. कारखान्यातून निघालेला रंग, तारीख आणि इंजिन क्रमांक त्यात असतो. दाखल्याची फी गाडीच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे. विकणाऱ्याने तो आधीच काढून ठेवला असेल, तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवायला जागा होते.

भारतात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्याला इतिहास आहे. परदेशी सुटे भाग मिळत नव्हते त्या काळात मालकांनी गाडी चालती ठेवण्यासाठी हाताशी होते ते बसवले. १९५५ मध्ये आलेल्या एमजीएचे १४८९ सीसी इंजिन आणि अँबेसेडरचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातली. साहजिकच एमजीत अँबेसेडरचे भाग, कधी अख्खे इंजिनच, सापडते. १९७३ नंतर पेट्रोल महागले तेव्हा कित्येक मोठ्या परदेशी गाड्यांत डिझेल इंजिने आली. या तडजोडींना नावे ठेवणे योग्य नाही. त्या झाल्या म्हणून या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. पण किंमत ठरवताना त्या मोजाव्याच लागतात. मूळ इंजिन काढून शेडमध्ये जपून ठेवले असेल, तर व्यवहारात तेही मागून घ्यावे.

छत कापून केलेली ‘ओपन’ गाडी मात्र कितीही देखणी असली तरी कारखान्याच्या उघड्या मॉडेलच्या भावाला पात्र नाही. तिची बॉडी कमकुवत झालेली असते, आणि कारखान्याच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आड येतो.

कागद

बाकी सगळे पैशाने दुरुस्त होते, कागद होतीलच असे नाही. आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) चेसिस क्रमांक आणि गाडीवर ठोकलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवल्याशिवाय बयाणा देऊ नये. इंजिन बदलले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी.

पुण्यातल्या जुन्या घरांतून निघणाऱ्या गाड्यांत नेहमीची अडचण वारसांची असते. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली, आणि गाडी दाखवतो तो नातू. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी, आणि इतर वारसांची संमती लेखी हवी. ‘तुम्ही घेऊन जा हो, काकांची सही नंतर आणतो’ या बोलीवर घेतलेली गाडी संगम पुलाजवळच्या आरटीओत अडते. परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्याने तिकडून स्वस्त गाड्या येतात. हे दोन खर्च धरले की स्वस्ताई पुष्कळ विरते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर असतो, आणि आयात गाडीची फेरनोंदणी फी देशी गाडीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

२०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. काही विक्रेते या नोंदणीचे वेगळे पैसे मागतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. ज्याला रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही नोंदणी किंमत वाढवणारी नाही.

चालवून पाहणे

इंजिन आधी गरम करून ठेवलेले नसावे. थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला सांगावे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर इंजिन उघडावे लागेल असे धरून चालावे. मग कात्रजचा घाट चढावा. सपाटीवर शांत असलेली तापमानाची सुई चढावर खरे बोलते, आणि वर पोहोचल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) ऑइल प्रेशर किती उरते तेही दिसते. आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट खराब होतात. ते बदललेले नसतील तर तो खर्च धरावा. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यानंतर हेडला कठीण व्हॉल्व्ह सीट बसवले का, हेही विचारावे.

आकडा

वाजवी किंमत वरून खाली मोजत यावी. समजा, चांगल्या प्रतीच्या एमजीबीचे खरे व्यवहार २४ लाखांच्या आसपास झाले आहेत आणि समोरच्या गाडीला मागणी १८ लाखांची आहे. सिल, फ्लोअर आणि रंगाला सहा लाख, ब्रेक, कार्ब्युरेटर, पाइप, टायरला दोन, हूड (कापडी छत) आणि सीटला एक, असे नऊ लाख झाले. काम उघडल्यावर निघणाऱ्या गोष्टींसाठी यात एक तृतीयांश भर घालावी, म्हणजे बारा. चोवीसमधून हे बारा वजा केले की गाडीची आजची किंमत बारा लाख, अठरा नव्हे. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. सुटे भाग सहज मिळतात का, यानेही आकडा हलतो : एमजीबीची अख्खी नवी बॉडीसुद्धा ब्रिटनमध्ये १९८८ पासून बनते, तर दुर्मिळ इटालियन गाडीच्या एका दिव्यासाठी वर्ष जाते. नाना पेठेत सर्वसाधारण भाग मिळतील, असले दिवे नाहीत.

ही आकडेमोड विकणाऱ्यासमोर कागदावर मांडावी. ‘फायनल काय ते सांगा’ म्हणून दोन लाख उतरवून घेण्यापेक्षा ती जास्त पटते, आणि ज्याने गाडी चाळीस वर्षे सांभाळली त्याचा मानही राहतो. वाजवी किंमत विकणाऱ्यालाही वाजवी असावी. त्याला बाजार ठाऊक नाही म्हणून चांगली गाडी भंगाराच्या भावात उचलणे हा अन्याय आहे, आणि पुण्यासारख्या, सगळे एकमेकांना ओळखणाऱ्या वर्तुळात तो लपतही नाही.

ठरलेली पूर्ण रक्कम सौदापावतीत लिहावी आणि बँकेतून द्यावी. विमा काढताना तीच उपयोगी पडते, कारण पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. पावती, छायाचित्रे आणि कामांची बिले नसतील तर कंपनी नाममात्र मूल्य धरते. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते.