गुरूच्या पुढे चालणारा अकिलीस

ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर अकिलीस म्हटलं की टाच आठवते. आईने स्टिक्स नदीत बुडवताना धरलेली तेवढीच कोरडी राहिली म्हणे! गंमत अशी की या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’ महाकाव्यात ही टाच नाहीच. तिथे अकिलीसच्या कोपराला भाला चाटून जातो आणि रक्त येतं. टाचेची गोष्ट सापडते ती पार इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन काव्यात.

मला मात्र दुसरा अकिलीस जास्त आवडतो. २२ फेब्रुवारी १९०६ रोजी खगोलशास्त्रज्ञ माक्स वोल्फ यांना जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये एक लघुग्रह सापडला. गुरू ग्रहाच्याच कक्षेत, त्याच्या सुमारे ६० अंश पुढे चालणारा. त्याला अकिलीस नाव द्यावं, असं खगोलशास्त्रज्ञ योहान पालिझा यांनी सुचवलं.

अशी जागा असू शकते हे गणितज्ञ लाग्रांजने १७७२ मध्येच गणिताने दाखवलं होतं. सूर्य, गुरू आणि हा बिंदू मिळून समभुज त्रिकोण होतो. तिथे दोघांची एकत्रित ओढ नेमकी एवढी असते की धोंडा गुरूइतक्याच वेळात सूर्याला फेरी घालतो. पण जरा सरकला तर? समजा तो गुरूकडे, म्हणजे मागे सरकला. गुरू त्याला मागे ओढतो, त्याची ऊर्जा कमी होते आणि तो आतल्या, लहान कक्षेत उतरतो. आतली कक्षा म्हणजे जास्त वेग. म्हणून मागे ओढलेला धोंडा शेवटी पुढेच निघून जातो! फार पुढे गेला की उलटं: ऊर्जा वाढते, तो बाहेर चढतो, मंदावतो, मागे येतो. एका झोक्याला साधारण दीडशे वर्षं. गुरूबरोबर फिरत पाहिलं तर हा बिंदू परिणामी विभवाचा, म्हणजे ओढ आणि फिरणं मिळून होणाऱ्या चढउतारांचा, डोंगरमाथा आहे. कोरिऑलिस बल (फिरत पाहणाऱ्याला जाणवणारं, वाट वाकवणारं बल) घरंगळणाऱ्या धोंड्याला वळवत राहतं म्हणून तो टिकतो. अट एकच, सूर्य गुरूच्या किमान २५ पट जड हवा. तो हजारपटीहून जड आहे.

लग्न जमवताना पाहतात ते गुरुबळ कुठल्या समीकरणात बसतं कोण जाणे. हे मात्र बसतं.

गुरूच्या ६० अंश मागेही अशीच जागा आहे. आज दोन्हीकडचे मिळून दहा हजारांहून अधिक लघुग्रह माहीत आहेत. पुढच्यांना ग्रीक वीरांची नावं, मागच्यांना ट्रॉयच्या वीरांची, असा संकेत. तो ठरण्याआधीच बारसं झाल्यामुळे अकिलीसचा जिवलग पॅट्रोक्लस शत्रूच्या छावणीत अडकलाय आणि ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांच्या. २०२१ मध्ये निघालेलं नासाचं ‘लुसी’ यान ऑगस्ट २०२७ मध्ये यांच्यापैकी आधी युरिबेटीसला गाठेल. ‘इलियड’मध्ये अकिलीसच्या तंबूतून त्याची बंदिनी ब्रिसेइस हिला न्यायला आलेल्या दोन दूतांपैकी हा एक. पॅट्रोक्लसची पाळी २०३३ मध्ये. खुद्द अकिलीस यादीत नाही.