अमेरिकेतली फुकट शाळा आणि विद्यार्थी व्हिसा

"मुलाला स्टुडंट व्हिसावर अमेरिकेत न्यायचं, सरकारी शाळेत घालायचं, फी शून्य, आणि आईवडील पालक म्हणून सोबत राहणार." हा सल्ला बरीच वर्षं कुटुंबांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात जवळजवळ काहीच खरं नाही.

१९९६ च्या कायद्यानुसार एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर आठवीपर्यंत सरकारी शाळेत शिकताच येत नाही. नववी ते बारावीत येतं, पण एकूण १२ महिनेच, आणि शाळेचा पूर्ण खर्च आधी भरून. हा नियम मोडणाऱ्याला देशाबाहेर सलग ५ वर्षं काढल्याशिवाय पुन्हा प्रवेश नाही. खाजगी शाळेला ही मर्यादा नाही. मात्र तिला परदेशी विद्यार्थी घेण्याची सरकारी मान्यता हवी, आणि फी अर्थातच आपल्या खिशातून.

पालकांचं काय? एफ-२ हा आश्रित व्हिसा फक्त जोडीदाराला आणि मुलांना मिळतो. मुलाच्या जिवावर आईबापाला नाही! पर्यटक व्हिसावर मूल शाळेत घालणं हाही नियमभंगच.

मग शेजारच्या जोश्यांची मुलगी फुकट कशी शिकते? तिचे वडील एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी करतात, ती एच-४ या त्यांच्या आश्रित व्हिसावर आहे. आई किंवा वडील तिकडे एफ-१ वर शिकत असले, तरी एफ-२ वरचं मूल सरकारी शाळेत जाऊ शकतं. गोंधळ इथूनच सुरू होतो. शिवाय १९८२ च्या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे व्हिसा नाही म्हणून सरकारी शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. पण शाळेने घेतलं म्हणजे व्हिसा अधिकाऱ्यालाही चाललं, असं नव्हे.