गळकं कौल आणि हँग होणारा कॉम्प्युटर

"मामा, परत हँग व्हायलालाय बघा." खानापुरातून भाच्याचा फोन. पोरानं दोन वर्षं पैसे साठवून एकेक भाग जमवत गेमिंगचा कॉम्प्युटर उभा केला होता. आता ऐन खेळात चित्र जागच्या जागी थिजायचं आणि स्पीकरमधून शेवटचा आवाज घर्रर्र करत राहायचा. कधी वीस मिनिटांत, कधी तीन तासांनी. कॉलेजचं प्रोजेक्ट टाइप करताना मात्र एकदाही नाही. दुकानदारानं "फॉर्मॅट माडबेक्री" (फॉर्मॅट करायला पाहिजे) असं कन्नडमध्ये म्हणत दोनदा विंडोज नव्यानं घातलं आणि दोन्ही वेळा पैसे घेतले. ताईनं कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधली.

गेल्या गेल्या मी ते लिंबू सोडवलं. हवा आत ओढणाऱ्या पंख्यासमोर दोऱ्याला लोंबणारं रसाळ फळ, म्हणजे नसलेलं दुखणं ओढवून घेणं. दुकानदाराचा "व्हायरस असेल" हे निदानही मी त्याच पंगतीला बसवतो. मोबाइलवर "रॅम साफ करा, वेग वाढवा" म्हणत मिरवणारी अ‍ॅप तर त्याहून पुढची. रॅम म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवायची जागा.

हँग झाल्यावर पहिली परीक्षा फुकटची असते. कीबोर्डवरचं नम लॉक दाबायचं. दिवा पेटला-विझला, तर विंडोज जिवंत आहे, खेळ तेवढा अडकलाय. दिवा ढिम्म, तर सगळंच गोठलंय. आमचा दिवा ढिम्म होता. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान पाहिलं, ठीक. ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, बदलला, वायरी काढून पुन्हा बसवल्या, फरक नाही. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ सुरू केलं. हा प्रोग्राम विंडोजशिवाय चालतो. रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहितो, परत वाचतो आणि जुळतात का ते बघतो.

पहिली फेरी निर्मळ गेली. दुसऱ्या फेरीत, रॅम तापल्यावर, लाल ओळ उमटली. द्विमान पद्धतीत मांडली तर लिहिलं होतं ११११११११ आणि वाचलं गेलं ११११०१११. पुढच्या फेरीत पुन्हा तोच पत्ता, तोच बिट, म्हणजे ० किंवा १ ची तीच एक जागा. रॅमच्या आठ जीबीच्या एका पट्टीत सुमारे ६,८७० कोटी बिट असतात. त्यातला एक फितूर.

इथून पुढचा भाग माझ्या आवडीचा आहे, तेव्हा थोडं सोसा. रॅममधला एक बिट म्हणजे विद्युतभार साठवणारं एक अतिसूक्ष्म भांडं, म्हणजे कपॅसिटर, आणि त्याच्या दाराशी उघडझाप करणारा एक ट्रान्झिस्टर. ही जोडी आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली, पेटंट १९६८ चं. कपॅसिटर भरलेला तर १, रिकामा तर ०. भरलेला म्हणजे तरी किती? काही दहा हजार इलेक्ट्रॉन, बस्स. आणि हे भांडं गळकं. दार बंद असलं तरी फटीतून विद्युतभार झिरपतच राहतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, प्रत्येक भांडं तपासून पुन्हा काठोकाठ भरावं लागतं. एकाच वेळी सगळी भरता येत नाहीत, म्हणून ते काम ८,१९२ हप्त्यांत वाटलेलं असतं. दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक हप्ता. तुम्ही हे वाचताय तोवर तुमच्या फोनमध्येही हीच पाणी भरायची पाळी चालू आहे.

त्यात वाचणं म्हणजेच पुसणं. दार उघडलं की भांड्यातला भार एका लांब तारेवर ओतला जातो. ती तार आधीच अर्ध्या व्होल्टेजवर आणून ठेवलेली असते. भांडं भरलेलं असेल तर तारेचं व्होल्टेज किंचित वर सरकतं, रिकामं असेल तर किंचित खाली. तारेच्या टोकाचा सेन्स अ‍ॅम्प्लिफायर हा बारीकसा कल ओळखतो, त्याला पूर्ण १ किंवा पूर्ण ० पर्यंत ताणतो आणि तीच किंमत भांड्यात परत भरतो. बनवतानाच एखादं भांडं जास्त गळकं निपजलं, तर पाळी येईपर्यंत त्यात इतकं कमी उरतं की कल उलटा वाचला जातो. मग अ‍ॅम्प्लिफायर तो ० इमानेइतबारे परत लिहून ठेवतो. उष्णतेनं गळती वाढते, म्हणून ८५ अंशांच्या वर पाळी ६४ ऐवजी ३२ मिलिसेकंदांवर आणायचा दंडक आहे. आमची पट्टी तेवढी तापत नव्हती, पण शेजारी ग्राफिक्स कार्डाची भट्टी होती आणि त्या एका भांड्याला तेवढी धग पुरत होती.

मग हँग कधीही का व्हायचा? ताईच्या कौलारू घरात याचं उत्तर डोक्यावरच होतं. माजघरात एक कौल फुटलेलं आहे. गळतं ते ठरलेल्या जागीच, पण भिजतं काय, ते त्या दिवशी खाली काय ठेवलंय त्यावर. एकदा तांदळाचं पोतं, एकदा अंथरूण, एकदा नुसती फरशी. रॅमचंही तसंच. टाइप करताना ती जागा बहुधा मोकळी असायची. खेळ सुरू झाला की रॅम गच्च भरते आणि फुटक्या कौलाखाली कुणीतरी येतंच. चित्राचा तुकडा आला तर एका ठिपक्याचा रंग बिघडतो, कुणाला कळतही नाही. पण "हा बिट १ झाला की पुढे जा" असं म्हणत विंडोजचा गाभा ज्या बिटाकडे डोळे लावून बसलाय, तोच बिट तिथं आला तर? तो १ दिसतच नाही. थांबणारा थांबूनच राहतो.

भाच्यानं कुठंतरी पाहिलं होतं की अवकाशातल्या कणांनी बिट उलटतात. खोटं नाही. १९७८ मध्ये इंटेलच्या अभियंत्यांनी दाखवलं होतं की चिपच्या सिरॅमिक आवरणातल्या किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कणही हा उद्योग करतात. २००३ साली बेल्जियममध्ये स्कारबेक इथं इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला ४,०९६ मतं जादा पडली. हा आकडा नेमका २ चा बारावा घात, म्हणून संशय एका उलटलेल्या बिटावर गेला. पण अवकाशातला कण त्याच पत्त्यावर फेरीमागून फेरी येत नसतो. सर्व्हरच्या रॅममध्ये माहितीच्या बिटांमागे काही जादा बिट राखणीला असतात, ते एखादी चूक जागीच दुरुस्त करतात. घरगुती गेमिंगच्या कॉम्प्युटरात सहसा ही सोय नसते.

एकेक पट्टी वेगळी लावून तपासली. रॅमचा वाढीव वेग, म्हणजे एक्सएमपी, बंद करूनही पाहिला, कारण पुष्कळदा दुखणं तिथंच असतं आणि पट्टी फुकट बदनाम होते. इथं तसं नव्हतं. चूक एकाच पट्टीत, कोणत्याही खाचेत, कोणत्याही वेगाला. खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासायचा लोकप्रिय उपायही केला. त्यानं मळलेली जोडणी सुधारते, भांड्याची गळती नाही.

पट्टी वॉरंटीत बदलून आली. नवी घालून रात्रभर मेमटेस्ट लावलं, सकाळपर्यंत लाल ओळ नाही. बाहेर पाऊस कोसळतच होता. कौल बदलायला माणूस म्हणे उघडीप मिळाल्याशिवाय वर चढणार नाही, त्यामुळे माजघरात बादली अजून तिथंच आहे.