रोलाँ गॅरोसची लाल माती ही माती नाहीच

रोलाँ गॅरोसवर फ्रेंच ओपन या टेनिस स्पर्धेच्या पहिल्या फेऱ्या सुरू झाल्या की हमखास ऐकू येतं: तिथलं कोर्ट म्हणजे आपल्या आखाड्यासारखी खोल लाल माती. हे खरं नाही.

लाल रंग विटांच्या भुकटीचा आहे आणि तिचा थर जेमतेम १ ते २ मिलिमीटरचा! त्याखाली ६-७ सेंटिमीटर पांढऱ्या चुनखडीचा चुरा, मग जळलेल्या कोळशाचा थर, खडी आणि तळाला मोठे दगड. चेंडूला उसळी मिळते ती चुनखडीच्या घट्ट थरामुळे. वरची भुकटी त्याला पकडते आणि खेळाडूला घसरत चेंडूपर्यंत पोहोचू देते.

बाहेरच्या छोट्या कोर्टांवर हे फार छान दिसतं. चेंडू रेषेजवळ पडला की भुकटी सरकून ठसा उमटतो आणि वाद झाला तर पंच खुर्चीवरून उतरून तो तपासतात. सेट संपला की कर्मचारी कोर्टावरून जाळीदार चटई ओढून भुकटी सारखी करतात, रेषा झाडतात. पाणीही मारावं लागतं, नाहीतर ती उडून जाते.

कडक उन्हात कोर्ट वेगवान होतं, ढगाळ दमट हवेत संथ. म्हणून पहिल्या फेरीचे अंदाज बांधताना मी मानांकनाआधी पॅरिसचं हवामान बघतो.