काउंटरवरचा प्रश्न, मोबाइलवरचं उत्तर
आमच्याकडे काम देणाऱ्या दुकानदार आणि कारखानदार मंडळींसाठी माहितीपत्रक

तुमचं नागपुरातलं दुकान किंवा कारखाना ऑनलाइन नीट दिसावा म्हणून तुम्ही आमच्याकडे आलात. आम्ही काय लिहितो, कसं लिहितो आणि कोणतं काम तुमच्याऐवजी करणार नाही, ते सुरू करण्याआधीच सांगून ठेवतो.

पहिल्या आठवड्यात आम्ही एकही पोस्ट टाकत नाही. तुमच्या काउंटरजवळ स्टूल घेऊन बसतो आणि गिऱ्हाईक काय विचारतं ते वहीत उतरवतो.

एका कूलरच्या दुकानातली गोष्ट सांगतो. मे महिना, पारा 45 च्या आसपास. एक बाई कूलरची बाजूची जाळी ऑटोत टाकून घेऊन आल्या. "भाऊ, मागच्याच वर्षी खस बदलली, तरी हवा गरमच येते." मालकांनी पॅडवरून बोट फिरवलं, पांढरी पापडी सुटून आली. "बोअरचं पाणी टाकता ना ताई?" त्या हो म्हणाल्या. "आणि खोलीची खिडकी?" ती बंद असायची. मालकांनी समजावलं: बोअरच्या जड पाण्यातले क्षार पॅडमध्ये बसले की पाणी सगळीकडे झिरपत नाही, कोरड्या जागेतून गरम हवा आत येते. आणि दमट हवेला बाहेर जायला वाट नसेल तर कूलर नुसती ओल वाढवतो, गारवा येत नाही. दोन मिनिटांचं बोलणं. संध्याकाळपर्यंत आणखी चार जणांनी तेच विचारलं.

आम्ही ते बोलणं जवळपास त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि पापडी धरलेल्या पॅडचा, मालकांच्या बोटासकट, फोटो लावला. त्याआधी या दुकानाच्या नावाने 'गारेगार ऑफर'ची रंगीत चित्रं जायची, ती कोणी कोणाला पुढे पाठवत नव्हतं. खिडकीची गोष्ट मात्र लोकांनी आपापल्या घरच्या ग्रुपवर टाकली. ज्याला आज अडचण आहे त्याला आज उत्तर मिळालं, की तो तुमचं नाव लक्षात ठेवतो. आम्हाला लिहायचं असतं ते हेच.

शब्दही तुमच्या गिऱ्हाइकाचेच हवेत. लाकडी घाण्याचं तेल विकणाऱ्याने नुसतं 'शेंगदाणा तेल' लिहिलं तर महाल भागातल्या आजीला ते परकं वाटतं, ती 'फल्ली तेल' म्हणते. कोथिंबीरवडीचं तेच, इथे ती सांबारवडी. बाहेरून आलेली मंडळीही आता शहरात खूप आहेत, म्हणून आम्ही दोन्ही शब्द घालतो, पण आपला आधी.

तयार मिळणारी सणांची कॅलेंडरं आम्ही वापरत नाही. त्यांत तान्हा पोळा सापडत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचे लाकडी बैल निघतात आणि त्याच दिवशी मारबतींची, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. खेळण्यांच्या दुकानाने बैलांची उंची, चाकं आणि किमती आठ दिवस आधी दाखवायला हव्यात. इतवारीतल्या दुकानाने त्या दिवशी चारचाकी कुठे लावायची ते सांगावं, गिऱ्हाइकाला तेवढंही पुरतं. संत्र्याच्या बागवाल्यांना तर आमची विनंतीच आहे की वर्षभर एकच फोटो फिरवू नका. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे येतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. विचारणारा माणूस जाणकार असतो, त्याला आज झाडावर काय आहे ते दाखवा.

आता ओळखीबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, 256 नंबर बसतात. पण संदेश फक्त त्यालाच पोचतो, ज्याने तुमचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये सेव्ह केलेला आहे. विकत आणलेल्या हजार नंबरांचा इथे उपयोग नाही. बिल देताना "नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की कळवू" असं तुम्ही स्वतः म्हणणं, यातूनच यादी वाढते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही आग्रह हाच आहे की माहिती कशासाठी घेतो ते सांगा, स्पष्ट होकार घ्या, आणि नको म्हणणं हो म्हणण्याइतकंच सोपं ठेवा. कोणी 'बंद करा' म्हटलं की आम्ही त्याच दिवशी नाव काढतो.

आमच्या हातून झालेली एक चूक इथे सांगणं भाग आहे. एका साडीच्या दुकानासाठी आम्ही दिवाळीचा संदेश सगळ्या यादीला एकदम पाठवला, 'यंदाची दिवाळी धूमधडाक्यात!' यादीतल्या एका जुन्या घरी पंधरा दिवसांपूर्वीच कर्ता माणूस गेला होता. मालकांना ते ठाऊक होतं, ते अंत्ययात्रेला जाऊन आले होते. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. ते त्याच दुपारी त्या घरी गेले, अर्धा तास बसले, आणि परत आल्यावर आम्हाला एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी यादी आधी मला दाखवा." तेव्हापासून प्रत्येक सणाआधी यादी मालकांसमोर ठेवतो आणि ते बोटाने एकेक नाव पाहतात. तुम्हालाही पाहावी लागेल. अर्धा तास जातो, पण ते काम कोणतंही सॉफ्टवेअर करू शकत नाही.

म्हणूनच तुमच्या नावाने आम्ही गिऱ्हाइकांशी गप्पा मारत नाही. दर, वेळ, पत्ता, पार्किंग ही उत्तरं आम्ही तयार करून देऊ. तक्रार, उधारी, लग्नाची खरेदी, घरातली अडचण यांवर तुम्हीच बोलायचं, आणि शक्यतो फोन करून. गूगलवर कोणी वाईट लिहिलं तर उत्तराचा मसुदा आम्ही करू, पण आधी तुम्ही त्या माणसाला गाठा. चांगल्या रिव्ह्यूसाठी सूट देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि सूट घेऊन लिहिलेलं कौतुक वाचणाऱ्याला कळतंच.

कामगारांबद्दल एक सूचना. बऱ्याच दुकानांत गिऱ्हाईक सेल्समनच्या खासगी नंबरवर बोलतं. मग रात्री अकरालाही त्याचा मोबाइल वाजतो, आणि तो नोकरी सोडून गेला की ओळखीही जातात. दुकानाचा वेगळा नंबर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर घ्या, अ‍ॅप फुकट आहे. दुकान बंद झाल्यावर 'सकाळी दहाला उत्तर देतो' हा संदेश आपोआप जाऊ द्या. मात्र उत्तराखाली ज्याने लिहिलं त्याचं नाव असू द्या. गिऱ्हाइकाला माणूस कळतो, आणि पोराच्या कामाला मान मिळतो.

हिंगणा-बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदारांचं गणित थोडं निराळं आहे. तिथे ऑर्डर पुष्कळदा अशा माणसाकडून येते जो पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीत खरेदी पाहायचा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. आमचा अनुभवही तसाच आहे. नवीन मशीन बसलं की चार ओळी आणि एक फोटो अशा जुन्या ओळखीच्या माणसाला, त्याच्या नावाने, वेगळा पाठवा. मजकूर आम्ही लिहू. नावं तुम्ही द्या.

पहिल्या भेटीला येताना लोगो, बॅनर काही आणू नका. आठ दिवस गल्ल्याजवळ एक वही ठेवा, गिऱ्हाइकाने जे विचारलं ते त्याच्याच शब्दांत लिहा, आणि ती वही घेऊन या.