नॉर्टन फेदरबेड फ्रेम : ओळख आणि पुनर्दुरुस्ती

फेदरबेड ही नॉर्टन कंपनीची दुहेरी नळ्यांची मोटारसायकल फ्रेम. बेलफास्टच्या रेक्स आणि क्रॉमी मॅककँडलेस या भावांनी ती आखली आणि १९५० साली ती नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांवर आली. त्याच वर्षी आइल ऑफ मॅनच्या टीटीमध्ये (टुरिस्ट ट्रॉफी शर्यतींत) सीनियर आणि ज्युनियर या दोन्ही शर्यतींचे पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनने पटकावले. रस्त्यावरच्या डॉमिनेटर ८८ ला ती १९५२ पासून मिळाली आणि १९७० मध्ये मर्क्युरी मॉडेलबरोबर तिचे उत्पादन थांबले. रस्त्यावरच्या मॉडेलांच्या फ्रेम आजही बऱ्यापैकी सापडतात. दुर्मीळ आहे ती मँक्स या शर्यतीच्या मॉडेलची अस्सल फ्रेम, आणि म्हणूनच साध्या फ्रेमला मँक्स म्हणून खपवण्याचे प्रकार होतात.

रचना

डावी-उजवीकडे दोन अखंड वळसे असतात. प्रत्येक वळशाची वरची नळी हेडस्टॉकच्या (पुढचा फोर्क ज्यात फिरतो त्या नळीच्या) खालच्या टोकापासून निघून मागे जाते, गिअरबॉक्सच्या मागून खाली उतरते, इंजिनाखालून पुढे येते आणि हेडस्टॉकच्या वरच्या टोकाला मिळते. त्यामुळे हेडस्टॉकजवळ उभ्या आणि आडव्या नळ्या एकमेकींना ओलांडतात. नळीचा बाहेरचा व्यास सव्वा इंच (३१.७५ मिमी), भिंत १६ गेजची, म्हणजे साधारण १.६ मिमी. मँक्सच्या फ्रेम रेनॉल्ड्स कंपनीत ५३१ या मँगेनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांतून, ब्राँझच्या झाळकामाने, म्हणजे नळी न वितळवता सांध्यात ब्राँझ वितळवून, जोडल्या जात. रस्त्यावरच्या मॉडेलांना साधे पोलाद आणि विजेचे वेल्डिंग वापरले जाई.

फ्रेम एकट्या का सापडतात

१९५० च्या दशकात ५०० सीसीच्या फॉर्म्युला थ्री मोटारींसाठी मँक्सच्या इंजिनाला मोठी मागणी होती. नॉर्टन ते इंजिन सुटे विकत नसे. मग लोक अख्खी गाडी घेत, इंजिन मोटारीत घालत आणि उरलेली फ्रेम विकून टाकत. अशा फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवले की ‘ट्रायटन’ तयार होई. पुढे रस्त्यावरच्या डॉमिनेटरचीही याच कामी मोडतोड झाली. त्यामुळे हाती आलेल्या फ्रेमवर इंजिन प्लेटची कापाकापी, जादा भोके किंवा छाटलेले ब्रॅकेट दिसले तर नवल नाही.

ओळख

रंग काढण्याआधीच फ्रेम वाचावी. एकदा ब्लास्टिंग (दाण्यांचा मारा करून रंग काढणे) झाले की निम्मा पुरावा गेलेला असतो. प्रथम वरून पाहावे. वरच्या दोन नळ्या टाकीखालून सीटपर्यंत रुंदच राहत असतील तर ती वाइडलाइन. टाकीच्या मागच्या भागात, स्वाराच्या गुडघ्यांपाशी, त्या आत दाबलेल्या असतील तर ती स्लिमलाइन, म्हणजे १९६० किंवा नंतरची. मँक्स शेवटपर्यंत वाइडलाइनच राहिली. तेव्हा स्लिमलाइनला कोणी मँक्स म्हणत असेल तर पुढे बोलण्याचे कारण नाही.

मग मागची सबफ्रेम, म्हणजे सीटखालचा जोड-सांगाडा, पाहावी. सुरुवातीच्या फ्रेमना ती बोल्टने जोडलेली असे, १९५० च्या दशकाच्या मध्यानंतर ती वेल्ड होऊ लागली. स्टँडचे लग (बोल्ट बसवायचे कान), बॅटरी आणि टूलबॉक्सचे ब्रॅकेट ही रस्त्यावरच्या फ्रेमची खूण. ते कापून टाकले असतील तर नळीवर कानशीचे सपाट चट्टे राहतात. डोळ्यांनी दिसले नाहीत तरी नळीवरून बोट फिरवताना ते लागतात. शेवटी एखाद्या आडबाजूच्या जोडावर नखाएवढा रंग खरवडावा. खाली सोनेरी ब्राँझची गुळगुळीत, दोन्ही नळ्यांवर पसरत गेलेली कड दिसली तर झाळकाम आहे. राखाडी, खवल्यांची रेघ दिसली तर वेल्डिंग. मात्र केवळ ब्राँझवर विसंबू नये. नंतरच्या दुरुस्त्या आणि अलीकडच्या नकला यांतही ब्राँझ असते.

रंगाचे थरही बोलतात. सुरुवातीच्या डॉमिनेटर ८८ ची फ्रेम चकाकत्या करड्या रंगाची असे. काळ्या रंगाखाली, गसेटच्या (जोडाला बळकटी देणाऱ्या पत्र्याच्या) कोपऱ्यात तो करडा थर सापडला तर मूळ गाडी कोणती होती हे बऱ्याच अंशी ठरते.

नंबर

रस्त्यावरच्या मॉडेलांत नंबर डाव्या बाजूच्या मागच्या गसेटवर ठोकलेला असतो, आणि कारखान्यातून निघताना इंजिन व फ्रेमचा नंबर एकच असे. १९५० च्या दशकात सुरुवातीचे अक्षर वर्ष सांगते : जी म्हणजे १९५२, एच १९५३, जे १९५४, के १९५५. त्यापुढचा आकडा मॉडेलचा. उदाहरणार्थ ९९ साठी १४. मँक्सवर ३५० सीसीला १०एम आणि ५०० ला ११एम. आकडे हाताने ठोकलेले असल्याने ओळ थोडी वाकडी, खोली कमी-जास्त असणे स्वाभाविक आहे. संशय घ्यायचा तो आकड्यांभोवती धातू घासून सपाट केलेला दिसला तर. नंबराची कारखान्याच्या नोंदींशी पडताळणी नॉर्टन ओनर्स क्लबमार्फत करून घ्यावी, आणि तीही पैसे मोजण्याआधी.

तपासणी

रंग काढायला बारीक दाण्याचे, कमी दाबाचे ब्लास्टिंग करावे. नंबरावर आधी जाड टेप लावावी. आम्लाच्या टाकीत फ्रेम बुडवू नये. बंद नळीत शिरलेले आम्ल धुऊन निघत नाही आणि नव्या रंगाखाली आतून गंज चढत राहतो. खालच्या नळ्यांत पाणी साचते, म्हणून तिथे अल्ट्रासॉनिक गेजने भिंतीची जाडी पाहावी. भेगा शोधायला डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव) वापरावा. हेडस्टॉकचे गसेट, हेड स्टेडीचे (सिलिंडर हेड फ्रेमला धरणाऱ्या पट्टीचे) ब्रॅकेट, स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या भागाच्या) पिव्हटभोवतालचे जोड आणि बोल्टच्या सबफ्रेमचे लग या जागा चुकवू नयेत.

सरळपणा पाहण्यासाठी हेडस्टॉकमध्ये शंकूंच्या आधाराने एक खरादलेली सळई आणि पिव्हटमध्ये दुसरी बसवावी. मागून पाहिले असता दोन्ही एकमेकींशी काटकोनात हव्यात. हेडस्टॉकच्या मध्यापासून पिव्हटच्या दोन्ही टोकांपर्यंतची मापे सारखी यायला हवीत. अपघातात हेडस्टॉक मागे ढकलला जातो तेव्हा खुणा उभ्या नळ्यांच्या वरच्या भागात उमटतात : मागच्या अंगाला सुरकुती, पुढच्या अंगाला तडकलेला रंग.

झाळकाम

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ब्राँझच्या जोडावर आर्क किंवा मिग या विजेच्या पद्धतींनी वेल्डिंग करणे. वितळलेले तांबे-जस्त तापलेल्या पोलादाच्या कणांमधल्या सीमांत शिरते आणि वेल्डच्या शेजारीच नवी भेग फुटते. जुना जोड ब्राँझनेच दुरुस्त करावा, नाहीतर जुने ब्राँझ पूर्ण काढून, उघड्या पोलादापर्यंत जाऊन मगच दुसरा विचार करावा.

ब्राँझची सळई ८७५ ते ८९५ अंश सेल्सिअसला वितळते. नळी फिकट लाल होईपर्यंतच तापवावी. पिवळी होऊ लागली तर ५३१ ची ताकद घटते. फ्रेम जिगमध्ये (मापात धरून ठेवणाऱ्या चौकटीत) धरावी, पण ताणून नव्हे. वाकलेली नळी शिकंज्याने ओढून धरून तापवली तर ब्राँझ त्याच ताणलेल्या जागी आत घुसते. थंड होऊ द्यावे ते हवेत, पाण्यात कधीही नाही. सडलेला तुकडा बदलताना आतून घट्ट बसणारी बाही घालावी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान नळीच्या व्यासाइतकी. उरलेला फ्लक्स (झाळताना लावलेले रसायन) काचेसारखा घट्ट होतो. गरम पाण्यात भिजवून तो पूर्ण काढला नाही तर काही महिन्यांत तिथला रंग फुगून उडतो.

जोडणी आणि रंग

रस्त्यावरच्या फ्रेममधले पिव्हटचे बुश सायलेंटब्लॉक जातीचे, रबर चिकटवलेले असतात. हातोडीने ते निघत नाहीत. आधी रबर काढावे, मग बाहेरची बाही आतून हॅक्सॉने चिरून दाबून काढावी. आटे इंचाच्या मापाचे, बऱ्याच जागी २६ टीपीआयचे (इंचाला २६ आटे) सायकल थ्रेड. तिथे मेट्रिक बोल्ट रेटला की आटे गेलेच. पावडर कोटिंग जाड असते. ते नंबर बुजवते आणि पुढे पडणारी भेग झाकून ठेवते. भट्टीत भाजलेले काळे एनॅमल या फ्रेमला जास्त योग्य.

भारतात २०२१ च्या मोटार वाहन नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासीत फेरफार केलेला नसावा अशी अट आहे. पुण्या-मुंबईतल्या मालकांनी ट्रायटनची फ्रेम घेताना हे आधी तपासावे.

इंजिन चढवल्यावर सिलिंडर हेडपासून फ्रेमच्या पुढच्या भागाला जाणारी हेड स्टेडी बसवल्याशिवाय गाडी चालवू नये. नळ्या एकमेकींना ओलांडून गेल्यामुळे हेडस्टॉकला लागणारा तिकोनी आधार या पट्टीतूनच पुरा होतो. ती सैल राहिली की नव्याने झाळलेले जोडही तडकतात.