जिवंत आहेत, पण कामाचे आहेत का?

पिकांना मुळांच्या रोगांपासून वाचवणाऱ्या स्युडोमोनास या जिवाणूच्या पाकिटावर एक आकडा छापलेला असतो : एका ग्रॅममध्ये इतके जिवंत जिवाणू. हरभऱ्याची मर किंवा रोपवाटिकेतली रोपांची कोलमड थोपवायला शेतकरी ही पावडर घेतो तेव्हा तोच आकडा बघतो, आणि दर्जा तपासतानाही भर त्याच्यावरच असतो. पण रोगकारक बुरशीला रोखणारी रसायनं बनवायची जनुकं त्या जिवाणूत आहेत का, आणि असली तर ती चालू आहेत का, हे त्या आकड्यातून कळत नाही. दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा. ही जनुकं चालू करणारी यंत्रणा जिवाणू वाढवायच्या टाकीतच बिघडू शकते, आणि यंत्रणा बिघडलेला जिवाणू मरत नाही. तो उलट अधिक जोमानं वाढतो.

या जनुकांचं महत्त्व सगळ्यात स्पष्ट दिसलं ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या गव्हाच्या शेतांत. गव्हाला ‘टेक-ऑल’ नावाचा बुरशीजन्य रोग होतो. मुळं काळी पडतात आणि ओंब्या दाणा भरण्याआधीच पांढऱ्या होतात. गव्हावर गहू घेत राहिलं की पहिली काही वर्षं रोग वाढत जातो, हे अपेक्षितच आहे. पण शेतकऱ्यानं चिकाटीनं गहूच पेरत ठेवला, तर साधारण चार-सहा वर्षांनंतर रोग आपोआप ओसरतो. अशा शेतातली थोडी माती दुसऱ्या मातीत मिसळली तर तिथंही संरक्षण मिळतं. तीच माती ६० अंश सेल्सियसला ३० मिनिटं ओलसर उष्णतेत ठेवली तर गुण निघून जातो. म्हणजे राखणदार सजीव आहे, आणि उष्णतेत तग धरणारे बीजाणू तो बनवत नाही, इतकं या साध्या प्रयोगातूनच कळतं.

याच राज्यातल्या पुलमन इथल्या शास्त्रज्ञ लिंडा थॉमॅशॉ आणि डेव्हिड वेलर यांनी १९८८ साली पुढचा पुरावा दिला. गव्हाच्या मुळावरचा ‘२-७९’ हा स्युडोमोनासचा वाण फेनाझिन नावाचं प्रतिजैविक बनवतो. त्यांनी जनुकांमध्ये घुसून ती मोडणारा डीएनएचा तुकडा वापरून फेनाझिन न बनवणारे जिवाणू तयार केले. मुळावर हे जिवाणू होते, पण रोग पुरेसा आटोक्यात येत नव्हता. मोडलेलं जनुक परत दिल्यावर संरक्षणही परत आलं. ‘चांगले जिवाणू मातीत असतात’ हे ढोबळ विधान आणि ‘हे जनुक हे काम करतं’ हे विधान यांतला फरक अशाच प्रयोगानं पडतो. पुढं १९९८ मध्ये योस रायमेकर्स आणि वेलर यांनी टेक-ऑल ओसरलेल्या शेतांमध्ये दुसरंच प्रतिजैविक मुख्य असल्याचं दाखवलं : २,४-डायअसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल, थोडक्यात डीएपीजी. हे बनवणाऱ्या जिवाणूंची संख्या मुळाच्या दर ग्रॅमला सुमारे एक लाखाच्या वर असेल तरच रोग दबतो. त्याखाली उपयोग नाही.

डीएपीजी बनवणाऱ्या जनुकांच्या गटाला ‘पीएचएल’ म्हणतात. त्यातलं पीएचएल-डी हे जनुक जे विकर (एन्झाइम) तयार करतं, ते मॅलोनिल-कोए या पेशीतल्या नेहमीच्या कच्च्या मालाचे तीन रेणू जोडून फ्लोरोग्लुसिनॉलचं कडं बनवतं. ए, सी, बी या जनुकांची प्रथिनं त्या कड्यावर असिटिल गट बसवतात. शेजारचं एफ हे जनुक मात्र या सगळ्याला कुलूप घालणारं प्रथिन बनवतं. गंमत अशी की तयार झालेलं डीएपीजी स्वतःच ते कुलूप सैल करतं, त्यामुळे उत्पादन एकदा सुरू झालं की वेग घेतं.

या गटाच्याही वर एक मुख्य बटण आहे : गॅक-एस आणि गॅक-ए ही जोडी. गॅक-एस हे जिवाणूच्या पटलात बसलेलं संवेदक प्रथिन. जिवाणूंची गर्दी होऊन वाढ मंदावू लागली की ते गॅक-एला फॉस्फेट देऊन जागं करतं. जागं झालेलं गॅक-ए थेट प्रतिजैविकाच्या जनुकांना हात लावत नाही. ते आरएसएम-एक्स, वाय, झेड असे छोटे आरएनए रेणू तयार करायला लावतं. इथला तपशील सुंदर आहे. एरवी आरएसएम-ए आणि आरएसएम-ई ही प्रथिनं प्रतिजैविकाच्या संदेशवाहक आरएनएवर नेमकी रिबोसोम (प्रथिनं बनवणारं पेशीतलं यंत्र) बसायच्या जागी ठाण मांडून असतात, त्यामुळे संदेश असूनही प्रथिन बनत नाही. त्या जागेवरची ‘जीजीए’ ही तीन अक्षरं ती ओळखतात. छोट्या आरएनएंवर याच अक्षरांचे फास एकापेक्षा जास्त ठिकाणी असतात. प्रथिनं त्या आमिषाला चिकटतात, संदेश मोकळा होतो आणि डीएपीजी, हायड्रोजन सायनाइड, पायोल्युटिओरिन, प्रथिनं पचवणारी विकरं असं सगळं एकदम बनायला लागतं. स्वित्झर्लंडमधल्या तंबाखूच्या मुळावरून मिळवलेल्या ‘सीएचए०’ या वाणात १९९२ साली गॅक-ए मोडून पाहिलं, तेव्हा यांतली रसायनं एका फटक्यात थांबली आणि तंबाखूचं काळ्या मूळकुजीपासूनचं संरक्षणही घटलं.

आता हेच बटण टाकीत का बिघडतं ते पाहू. रसायनं आणि विकरं बनवायला पेशीची ऊर्जा खर्च होते. पौष्टिक द्रवात ना बुरशी असते, ना जिवाणू खाणारे एकपेशीय शिकारी. तिथं हा खर्च नुसता बोजा. गॅक-एस किंवा गॅक-ए यांपैकी कुठल्याही एका जनुकात एखादं अक्षर चुकलं, तरी अख्खी यंत्रणा बंद पडू शकते. म्हणजे बिघडायच्या वाटा भरपूर. अशी पेशी वाचलेल्या ऊर्जेवर वाढते, आणि माध्यम जितकं पौष्टिक, वाढवायचा काळ जितका लांब, तितकं तिच्या वंशजांचं प्रमाण वाढतं. ब्रायन डफी आणि जनेविएव्ह देफागो यांनी २००० साली दाखवलं की माध्यम पातळ केलं किंवा त्यात जस्त अथवा तांब्यासारख्या धातूंचे क्षार अल्प प्रमाणात घातले, तर हे बिघडलेले जिवाणू खूप कमी साठतात.

आपल्याकडे २०० लिटरच्या पिंपात गूळ घालून पाकिटातले जिवाणू काही दिवस ‘वाढवायची’ पद्धत आहे. तिथं पहिली अडचण भेसळीची : उघड्या पिंपात गुळावर यीस्ट आणि इतर जिवाणू स्युडोमोनासच्या आधी ताबा घेतात. त्यातून जो स्युडोमोनास उरतो, त्याला गॅक सांभाळायचं काही कारण नसतं. पिंपाला फेस आला, वास आला, म्हणजे औषध तयार झालं असं मुळीच नाही. त्यातलंच थोडं विरजण म्हणून पुढच्या पिंपात टाकणं तर सगळ्यात वाईट. उत्पादकानंही प्रत्येक खेप नव्यानं मूळ संवर्धनापासून, म्हणजे जपून ठेवलेल्या अस्सल जिवाणूंच्या साठ्यापासून, सुरू करावी, आणि ते संवर्धन २० ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना जपावं. ताटलीवरून ताटलीवर नेत राहू नये.

बिघाड ओळखता येतो, आणि त्याला फार खर्चही नाही. पाकिटातली १ ग्रॅम पावडर ९ मिलि निर्जंतुक सलाइनमध्ये ढवळायची, दहापट-दहापट पातळ करत जायचं, आणि शेवटच्या पातळ द्रावणांतून ०.१ मिलि किंग्ज-बी या स्युडोमोनास वाढवायच्या माध्यमावर पसरून २८ अंशांना दोन दिवस ठेवायचं. अतिनील दिव्याखाली वसाहती हिरवट चमकल्या की अनेक जण समाधानी होतात. पण ही चमक पायोव्हर्डिन या लोह पकडणाऱ्या रंगद्रव्याची असते, आणि गॅक बिघडलं तरी ते बनतच राहतं. म्हणून सुट्या-सुट्या पन्नासेक वसाहती टूथपिकनं साय काढलेलं दूध १ टक्का घातलेल्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) टोचायच्या. दूध पचवणारं विकर गॅकच्या ताब्यात असल्यामुळे चांगल्या वसाहतीभोवती दोन दिवसांत पारदर्शक वलय दिसतं, बिघडलेलीभोवती दिसत नाही. शेजारी मूळ संवर्धनाचा ठिपका हवाच, कारण काही वाण मुळातच हे विकर कमी बनवतात.

सायनाइडची परीक्षाही जोडीला करता येते. माध्यमात लिटरला ४.४ ग्रॅम ग्लायसिन घालायचं, ताटलीच्या झाकणात ०.५ टक्के पिक्रिक आम्ल आणि २ टक्के सोडियम कार्बोनेटमध्ये भिजवलेला गाळणकागद बसवायचा आणि कड बंद करायची. चार दिवसांत पिवळा कागद नारिंगी-तपकिरी झाला तर सायनाइड बनतं आहे. (कोरडं पिक्रिक आम्ल स्फोटक असतं. बाटली ओलसरच ठेवावी.) पीसीआर या डीएनएच्या चाचणीनं पीएचएल-डी जनुक शोधता येतं, आणि तेही करावं, कारण पाकिटावरच्या नुसत्या ‘फ्लुओरेसेन्स’ या जातीच्या नावात डीएपीजीची हमी नाही. पण पीसीआर जनुक आहे एवढंच सांगतो. गॅकमधली एका अक्षराची चूक त्याला दिसत नाही.

शेतातला हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. बीजप्रक्रियेची नेहमीची मात्रा किलोमागे १० ग्रॅम. शंभर दाण्यांचं वजन २५ ग्रॅम असलेल्या हरभऱ्याचे किलोत ४,००० दाणे बसतात. पावडरीत ग्रॅमला १० कोटी जिवाणू असतील तर दाण्यावर अडीच लाख येतात. ग्रॅमला २० लाखच असतील तर पाच हजार. बीज सुकताना यांतले बरेच मरतात, कारण स्युडोमोनास बीजाणू बनवत नाही. म्हणून बीजप्रक्रिया सावलीत करावी आणि त्याच दिवशी पेरावं. रासायनिक बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, आणि जिवाणू शेवटी. टाकीत अल्पसं तांबं उपकारक असलं तरी कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात हे जिवाणू मिसळणं म्हणजे ते मारणंच.

हे सगळं जमलं तरी समोरची बुरशी गप्प बसत नाही. हरभऱ्याची मर ज्या फ्युजेरियम ऑक्सिस्पोरममुळे होते, त्या जातीचे अनेक वाण फ्युजेरिक आम्ल बनवतात. सीएचए० वर गव्हाच्या मुळांत केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की या आम्लामुळे डीएपीजीच्या जनुकांचं काम मंदावतं. म्हणजे मुळावर फ्युजेरियमचा जम आधी बसला असेल, तर उशिरा आलेल्या स्युडोमोनासची हत्यारं तो बोथट करू शकतो. झाडं पिवळी पडून माना टाकायला लागल्यावर केलेली आळवणी बहुधा वाया जाते, त्याचं आणखी एक कारण आहे. तोवर बुरशी मुळाच्या आत जलवाहिन्यांपर्यंत पोचलेली असते, आणि स्युडोमोनासची मुख्य वस्ती मुळाच्या बाहेरच असते.